वकिलाची टक्केवारी आणि दाव्यात लावलेला परका पैसा

समजा, इंदूरला रामबागेतल्या एका जुन्या वाड्याच्या वाटणीचा दावा चालू आहे. धाकट्या भावाजवळ कोर्टाच्या खर्चाला पैसे नाहीत. वकील म्हणतो, "भाऊ, फीचं राहू द्या, जिंकलात की हिश्श्यातले २० टक्के माझे." किंवा एखादा बिल्डर म्हणतो, "खर्च माझा, निकालानंतर तिसरा हिस्सा मला द्या." घरात बसून ऐकलं तर दोन्ही सौदे एकच वाटतात. कायदा त्यांना एक मानत नाही.

पहिला आपल्याकडे चालतच नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाचा २० वा नियम वकिलाला निकालावर बेतलेली फी ठरवू देत नाही, मिळकतीत वाटाही घेऊ देत नाही.

दुसऱ्याला बंदी नाही. असे सौदे मोडणारा इंग्लंडचा जुना कायदा इथे लागू नाही, हे प्रिव्ही कौन्सिलने (इंग्रजी अमदानीतलं शेवटच्या अपिलाचं कोर्ट) १८७६ मध्येच ठरवलं. मात्र पिळवणुकीचा सौदा कोर्ट मानत नाही. वकील नसलेल्या तिऱ्हाइताने पैसा लावायला अडसर दिसत नाही, असं सुप्रीम कोर्टानेही २०१८ मध्ये ए. के. बालाजी प्रकरणात म्हटलं.

मला काळजी वाटते ती इथेच. थोरला समेटाला तयार, धाकटाही मनातून तयार, तरी दर पेशीला बोलणी फिसकटतात, कारण नको म्हणणारा माणूस, म्हणजे पैसा लावणारा, कोर्टात दिसतच नाही. मध्य प्रदेशात दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २५ मध्ये यासाठी राज्याची दुरुस्ती आहे. (महाराष्ट्र, गुजरातेतही आहे.) खर्चाच्या बदल्यात मिळकतीतला हिस्सा कुणाला देऊ केला असेल, तर कोर्ट त्याला त्याच्या संमतीने वादी करू शकतं आणि प्रतिवादीच्या खर्चापोटी तारण मागू शकतं. पण असा कुणी आहे हे आधी कळायला तर हवं!

अमेरिकेत वकिलाची टक्केवारी रीतसर चालते, चिंता आहे ती बाहेरून पैसा लावणाऱ्या फंडांची. म्हणून २०२५ मध्ये तिथले खासदार डॅरेल इसा यांनी प्रतिनिधीगृहात विधेयक मांडलं: निकालातून ज्याला पैसे मिळणार, त्याचं नाव कोर्टाला आणि समोरच्या पक्षाला सांगायचं, करारही दाखवायचा.

आपल्याकडे वादपत्रासोबत एवढं एक शपथपत्र सक्तीचं व्हायला हवं. त्याने गरीब वादीची मदत थांबत नाही, मदत करणाऱ्याचं नाव तेवढं उघड होतं. तोवर थोरल्याने आपल्या वकिलाला आदेश २५ खाली अर्ज बसतो का, हे जरूर विचारावं.