मण्याचा वेज काय सांगतो

लाल मण्याला दोरा घट्ट गुंडाळायचा, त्यावर काडी पेटवून धरायची आणि दोरा जळला नाही की हकीक अस्सल, असं दाखवणारे व्हिडिओ मोबाईलवरून फिरत असतात. यात्रा-उरुसांतले माळावालेही हाच खेळ करून दाखवतात आणि भोवतीचं गिऱ्हाईक माना डोलावतं. हाच दोरा घरी स्टीलच्या चमच्याला गुंडाळून बघा. तिथंही तो लगेच पेट घेत नाही. दोरा पुरेसा तापण्याआधीच त्याला चिकटलेला दगड, काच किंवा धातू ती उष्णता ओढून घेतो, एवढंच त्यामागचं गौडबंगाल. या परीक्षेत काचमणी दगडाइतक्याच दिमाखात पास होतो. नापास झालं तर प्लास्टिक.

आजीच्या पेटीतली माळ कशाची आणि कुठली, हे कळावं म्हणून लोक ती सराफाकडे नेतात. सराफ मण्यांचं वजन वजा करतो आणि सोन्याचा भाव सांगतो. त्याचा धंदा तो. मला विचाराल तर मण्याचा रंग आणि तुकतुकी आधी बघूच नये. वरचा भाग घासता येतो, रंगवता येतो, तेलकट धुरात ठेवून जुना करता येतो. वेज, म्हणजे मण्याचं भोक, तेवढ्या सहजपणे खोटं बोलत नाही. एक दहापट मोठं करणारं भिंग आणि मोबाईलचा टॉर्च एवढ्यावर बरंच काम भागतं.

आधी दगडाचं बघू. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हारसाचे थरावर थर पसरले. थिजताना त्यांत वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या राहिल्या. पुढे त्यांत सिलिका मिसळलेलं पाणी झिरपत राहिलं आणि थर साचत जाऊन अकीक, म्हणजेच हकीक, तयार झाला. आपल्याकडे नांगरटीत वर येणाऱ्या गारगोट्या याच कुळातल्या. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात पैठणहून गाड्यांनी भडोचला जाणाऱ्या या जातीच्या दगडांचा उल्लेख आहे, आणि त्याच ओळींत तगर, म्हणजे आपलं तेरही आहे. लाल मण्यांचा लाल रंग बहुतेक वेळा भट्टीतला असतो. दगडातल्या पिवळट लोहसंयुगातलं पाणी उष्णतेनं निघून गेलं की हेमॅटाइट उरतो, आणि तो लाल. ही काही बनवाबनवी नव्हे, हजारो वर्षांची रीत आहे.

आता खरी अडचण. दगडांची कठीणता 1 ते 10 अशी मोजतात, त्यात अकीकाची 7 च्या आसपास. साधं लोखंड त्याच्यापुढे मऊ. मग त्यात सुतासारखा वेज पाडला कसा?

हडप्पा संस्कृतीतले कारागीर एका खास कठीण दगडाची बारीक सळई वापरत. पुरातत्त्वज्ञ जोनाथन मार्क केनोयर यांनी तसा वेज पाडून पाहिला, तेव्हा ताशी जेमतेम अडीच मिलीमीटर काम पुढे सरकलं. पण दगड दगडाला कापतो तेव्हा सळईही झिजते. टोक बारीक होत जातं, म्हणून वेजही आत निमुळता होतो. झिजलेली सळई काढून दुसरी बसवली की भिंतीवर पायरी उमटते. शिवाय एकाच बाजूनं आरपार गेलं तर शेवटच्या क्षणी पलीकडचा कपचा उडतो, म्हणून अर्धं काम या तोंडानं, अर्धं त्या तोंडानं. मधे दोन्ही वेज भेटतात तिथं किंचित चुकामूक होते आणि ती कायमची राहते.

इ.स.पू. 600 च्या सुमारास भारतात हिरा या कामाला आला. लोखंडी सळईच्या टोकाशी हिऱ्याच्या दोन बारीक कपच्या बसवायच्या, सळई कमानीच्या दोरीनं फिरवायची आणि वरून पाणी ठिबकत ठेवायचं. गुजरातेतल्या खंबायतला मणियारांची ही विद्या आजवर टिकली आहे. हिरा जवळजवळ झिजत नाही, त्यामुळे वेज तोंडापासून मध्यापर्यंत एकसारख्या जाडीचा राहतो. भिंतीकडे नीट बघा. वाळूसारखी सुटी पूड टाकून कोरलं तर कण घरंगळतात, जागा बदलतात, ओरखडे ओबडधोबड आणि तुटक येतात. हिऱ्याची कपची मात्र टोकाला पक्की बसलेली असते. ती त्याच अंतरावरून पुन्हा पुन्हा फिरते, सळई खाली सरकत राहते, आणि भिंतीवर वेजाच्या अक्षाला आडव्या, एकाखाली एक अशा नेटक्या वर्तुळाकार चऱ्या उमटतात. कण सुटा की बांधलेला, याचा निवाडा या चऱ्या करतात.

एवढ्या अरुंद नळीत सूक्ष्मदर्शक शिरणार कसा? ही युक्ती दातांच्या डॉक्टरांनी दिली. लिओनार्ड गोरेलिक हे दात सरळ करणारे तज्ज्ञ आणि जॉन ग्विनेट हे दंतसंशोधक. दाताचा ठसा घ्यायचं सिलिकॉन त्यांनी वेजात भरलं, रबरी सळई अलगद ओढून काढली आणि तिच्यावर उमटलेल्या चऱ्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या.

काचेची गोष्ट वेगळी, तिथं वेज बहुधा पाडतच नाहीत. आंध्रातल्या पापनायडूपेटला वितळलेल्या काचेची लांब पोकळ नळी ओढतात, तिचे तुकडे करतात आणि पुन्हा तापवून कडा गोल करतात. ओढताना काचेतले बुडबुडे पाकाच्या तारेसारखे लांबतात आणि वेजाला समांतर राहतात. असे बारीक मणी पुदुच्चेरीजवळच्या अरिकमेडू या प्राचीन बंदरापासून आग्नेय आशियाभर आणि पश्चिमेला आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत सापडतात. उत्तर प्रदेशातल्या पुरदिलनगरला मात्र काच सळईभोवती गुंडाळून मणी करतात. तिथल्या रेषा वेजाला वळसा घालतात. माळ ‘खड्यांची’ म्हणून दिली असेल आणि उजेडात धरल्यावर आत गोल किंवा लांबुडके बुडबुडे दिसले, तर ती काच.

साडेसातीवर उतारा म्हणून काळा हकीक घेणाऱ्यांसाठी एक माहिती. अकीक सच्छिद्र असतो. तो साखरेच्या पाण्यात मुरवत ठेवायचा, मग गंधकाम्लात टाकायचा. आतली साखर जळून कोळसा होते आणि दगड काळाकुट्ट होतो. जर्मनीतल्या इदार-ओबरश्टाइनला 19व्या शतकापासून हे चालत आलं आहे. शनी महाराज प्रसन्न होत असतील तर ते कोळशावर.

वेजावरून कालनिर्णय करताना जपून. नेटक्या चऱ्या दिसल्या म्हणून मणी सातवाहनांचा ठरत नाही, कारण हिऱ्याची सळई अडीच हजार वर्षं चालूच आहे. चऱ्या एवढंच सांगतात की हा वेज हिऱ्यानं पाडला. जुनेपणासाठी तोंडाची कड बघायची. वर्षानुवर्षं दोऱ्यात लोंबलेल्या मण्याची कड दोरा जिथं घासतो त्या बाजूला जास्त झिजते. पिंपात घोळवून जुन्या केलेल्या मण्याची कड चहूकडून सारखी गुळगुळीत होते. आणि कारागिरी एकीकडची, दगड दुसरीकडचा असंही होतं. थायलंडच्या खाओ सॅम केओ या प्राचीन वस्तीत भारतीय पद्धतीनं घडवलेले अकीक मणी तिथल्याच कार्यशाळांत होत होते. दगड कुठल्या खाणीतला हे शोधायला लेझरनं सूक्ष्म कण उडवून त्यातली लेशमात्र मूलद्रव्यं मोजावी लागतात. ते भिंगाचं काम नव्हे.

तेरला गेलात तर लामतुरे संग्रहालयातले मणी असेच तोंडाकडून बघा. तेर-पैठणच्या पांढरीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीत, पावसानंतर मणी उघडे पडतात. सापडला तर गट नंबर लिहून ठेवा आणि पुरातत्त्व खात्याला कळवा. वेज सुईनं किंवा तारेनं साफ करू नका, आतली माती आहे तशी राहू द्या.