जुन्या सुवर्णखाणीचे पुनरुज्जीवन आणि त्यातील गुंतवणूक

एकेकाळी सोने देणारी, पुढे बंद पडलेली खाण ताब्यात घेऊन ती पुन्हा चालू करू पाहणाऱ्या कंपनीचे शेअर विकत घेणे, हा भांडवली बाजारातील एक जुना आणि दर तेजीत नव्याने फुलणारा प्रकार. त्यात पैसे एकाच वेळी तीन गोष्टींवर लावलेले असतात : जमिनीखाली उरलेले सोने, सोन्याचा पुढचा भाव आणि मधल्या काळात कंपनी पैसा कसा उभारते ती रीत. पहिल्या दोहोंवर भरपूर बोलले जाते. नुकसान मात्र बरेचदा तिसरीत होते.

अशा कंपन्या बहुधा लहान असतात. विक्री शून्य, कर्मचारी मोजके आणि मालमत्ता म्हणजे एक भाडेपट्टा, काही जुने नकाशे आणि पाण्याने भरलेले एक भुयार. कॅनडातील टीएसएक्स व्हेंचर, ऑस्ट्रेलियाचा एएसएक्स आणि लंडनचा एआयएम हे त्यांचे नेहमीचे बाजार. खाण व्यवसायात त्यांना ‘ज्युनिअर’ म्हणतात.

खाण बंद का पडली होती? सगळे मूल्यमापन या प्रश्नापासून सुरू होते. सोने संपले म्हणून बंद पडलेली खाण आणि भाव परवडेना म्हणून बंद पडलेली खाण बाहेरून सारख्याच दिसतात; दोन्हींवर गवत वाढते. अमेरिकेने १९३४ मध्ये सोन्याचा भाव औंसाला ३५ डॉलर ठरवला आणि तो १९७१ पर्यंत टिकला. मजुरी, लाकूड, स्फोटके, वीज सगळे महागत गेले आणि मालाचा भाव तेवढा जागच्या जागी राहिला. त्या काळात अनेक खाणी खनिज शिल्लक असतानाच बंद झाल्या. त्यातच ऑक्टोबर १९४२ मध्ये अमेरिकी युद्ध उत्पादन मंडळाच्या एल-२०८ या आदेशाने तिथल्या सोन्याच्या खाणी थांबवून माणसे आणि यंत्रे तांब्यासारख्या युद्धोपयोगी धातूंकडे वळवली. युद्धानंतर त्यांतल्या बऱ्याच पुन्हा उघडल्याच नाहीत. पुनरुज्जीवनासाठी शोधावी ती या जातीची खाण.

दुसरी जात वेगळी. कोलारची खाण २८ फेब्रुवारी २००१ रोजी बंद झाली तेव्हा ती तीन किलोमीटरहून खोल गेली होती आणि टनामागे मिळणारे सोने खूपच कमी झाले होते. सोन्याचा भाव १९९९ मध्ये अडीचशे डॉलरच्या आसपास घसरला होता, हेही खरे. पण इतक्या खोलीवरून दगड वर आणणे, खाली हवा थंड ठेवणे आणि खडकातील दाबाचे स्फोट सांभाळणे यांचा खर्च भाव वाढला म्हणून कमी होत नाही. अशा ठिकाणी आता लक्ष जाते ते खोल भुयारांपेक्षा वर साचलेल्या सायनाइड टेकड्यांकडे, म्हणजे सोने काढून उरलेल्या गाळाच्या ढिगांकडे.

जुने आकडे. ‘इथे अजून दहा लाख औंस आहेत’ असे वाक्य कंपनीच्या सादरीकरणात दिसले की आकडा कोणी, कधी आणि कोणत्या नियमाखाली काढला ते पाहावे लागते. ऑस्ट्रेलियात असे आकडे कसे जाहीर करावेत हे सांगणारी जॉर्क संहिता १९८९ पासून आहे. कॅनडात ‘४३-१०१’ हा नियम २००१ मध्ये लागू झाला, आणि त्यामागे १९९७ चे ब्री-एक्स प्रकरण होते. इंडोनेशियातील बुसांग येथे जगातला एक मोठा साठा सापडल्याचे सांगून या कंपनीचा शेअर आकाशाला भिडला होता. प्रत्यक्षात नमुन्यांत बाहेरून सोने मिसळलेले निघाले. कॅनडाच्या नियमानुसार जुन्या मालकाने काढलेला अंदाज ‘ऐतिहासिक अंदाज’ म्हणूनच सांगावा लागतो आणि पात्र तज्ज्ञाने तो तपासून आजचा साठा म्हणून मान्य केलेला नाही, हे सोबत लिहावे लागते. ही ओळ साधारणपणे बारीक टायपात असते. सगळ्यात आधी ती वाचावी.

‘संसाधन’ आणि ‘राखीव साठा’ हेही एक नव्हे. संसाधन म्हणजे जमिनीत काय असावे याचा अंदाज. त्यात ‘अनुमानित’ ही सर्वांत कच्ची पायरी. राखीव साठा म्हणजे खर्च, भाव, परवाने आणि खाणकामाची पद्धत हिशेबात धरून फायद्याने काढता येईल असे ठरलेले खनिज. प्रकल्पाच्या अगदी सुरुवातीच्या ढोबळ हिशेबात, म्हणजे प्राथमिक आर्थिक मूल्यांकनात, अनुमानित संसाधनही मोजता येते, म्हणून त्यातला नफा नेहमी देखणा असतो. त्यापुढचा सविस्तर अभ्यास म्हणजे व्यवहार्यता अहवाल. त्याच्याशिवाय खाणबांधणी सुरू करणे नियमबाह्य नाही. महाग पडू शकते एवढेच. ओंटारिओतील रेड लेक भागात रुबिकॉन मिनरल्सने फिनिक्स प्रकल्प याच वाटेने नेला. आधीच्या कंपनीने सोडलेला शाफ्ट, म्हणजे खाणीत उतरण्याची उभी विहीर, तिथे होता. २०१५ मध्ये उत्पादन सुरू झाले, त्याच वर्षी थांबले आणि जानेवारी २०१६ मध्ये नवा अंदाज आला तो जुन्या आकड्याचा लहानसा अंश होता. सोने होते, पण कल्पिले होते तसे सलग नव्हते.

याचे कारण सोन्याच्या स्वभावात आहे. ते शिरेत दाणेदार, गुठळीगुठळीने बसते. ड्रिलने काढलेल्या खडकाच्या एका गाभ्यात टनाला ५० ग्रॅम लागते आणि दोन मीटर बाजूच्या गाभ्यात काहीच लागत नाही. शिरेची जाडी तर त्याहून फसवी. अर्धा मीटर जाडीच्या शिरेत टनाला १२ ग्रॅम असेल आणि माणूस व यंत्र शिरायला दीड मीटर रुंद खणावे लागत असेल, तर आजूबाजूचा सोने नसलेला खडकही गिरणीत जातो आणि हाती टनाला ४ ग्रॅमची प्रत उरते. औंस म्हणजे ३१.१ ग्रॅम, हे लक्षात ठेवले की घोषणेतल्या ठळक आकड्यांचा रंग उतरतो. जुने खाणकामगार हाताने, शिरेपुरतेच अरुंद खणत. त्यांच्या वह्यांतली प्रत आजच्या यंत्राला मिळेलच असे नाही.

जुन्या कागदांची बाजू घेणारे उदाहरणही आहे. रेड लेकमधीलच गोल्डकॉर्पच्या जुन्या खाणीची सुमारे ४०० मेगाबाइट भूशास्त्रीय माहिती अध्यक्ष रॉब मॅकइवेन यांनी मार्च २००० मध्ये जगासमोर उघडी ठेवली आणि सोने कुठे शोधावे हे सांगणाऱ्यांसाठी ५,७५,००० डॉलरची बक्षिसे लावली. मात्र तिथे अतिसमृद्ध थर १९९५ मध्येच लागला होता आणि खाण कंपनीच्या हातात होती, हे ती गोष्ट सांगताना गाळले जाते.

भुयारात उतरल्यावर. पहिला खर्च पाण्याचा. पंप थांबल्यापासून भुयारे भरत जातात. उपसा महिनोन्‌महिने चालतो आणि उपसलेले पाणी आम्ल किंवा आर्सेनिकयुक्त असेल तर नदीत सोडण्याआधी शुद्ध करावे लागते. मग लाकडी आधार कुजलेले, शाफ्टची अस्तरे सुटलेली, नकाशावर नसलेल्या पोकळ्या. जुन्या अहवालांत ‘उरलेले खनिज’ म्हणून दाखवलेला मोठा भाग पुष्कळदा छत तोलून धरणाऱ्या खांबांत असतो. तो काढायचा तर आधी पोकळी भरावी लागते. घानातील ओबुआसी खाण १८९७ पासूनची. अँग्लोगोल्ड अशांतीने २०१४ च्या अखेरीस तिचे उत्पादन थांबवले आणि नव्याने बांधणी करून डिसेंबर २०१९ मध्ये पुन्हा पहिले सोने काढले. मे २०२१ मध्ये भूमिगत दुर्घटनेनंतर काम परत थांबवावे लागले. जगातल्या मोठ्या कंपन्यांपैकी एकीची ही गत. ज्युनिअरच्या तिजोरीत असा थांबा सोसण्याइतके पैसे क्वचितच असतात.

टेकड्यांतले सोने. १८८७ मध्ये सायनाइड पद्धतीचा शोध लागण्याआधी पाऱ्याने सोने काढत आणि बरेचसे गाळात जाई. त्यामुळे जुन्या गाळाच्या टेकड्या पुन्हा धुणे हा खणण्यापेक्षा सोपा धंदा ठरतो : दगड आधीच वर आणलेला आणि दळलेला असतो, नमुने घेणेही सुकर. जोहान्सबर्गभोवतीच्या टेकड्यांवर डीआरडीगोल्ड हेच करते. धोका मात्र गाळाबरोबर येतो. रोमानियातील बाया मारे येथे जुना गाळ धुणाऱ्या ऑरुल कंपनीचा बांध ३० जानेवारी २००० रोजी फुटला आणि सुमारे एक लाख घनमीटर सायनाइडयुक्त पाणी सोमेश आणि तिसा नद्यांतून डॅन्यूबपर्यंत गेले.

भागधारकाचा वाटा. उत्पन्न नसलेली कंपनी जगते ती नवे शेअर विकून. समजा, खाणीची किंमत खरोखरच २० कोटी डॉलर ठरली. कंपनीचे ५ कोटी शेअर असतील तर प्रत्येकाला ४ डॉलर. पण तिथवर पोचायला सहा वेळा पैसा उभारून शेअर ४० कोटी झाले असतील, तर तेच खाणधन शेअरमागे ५० सेंटवर येते. भूगर्भशास्त्रज्ञाचा अंदाज अचूक निघूनही सुरुवातीचा गुंतवणूकदार तोट्यात राहतो तो असा. भाव पडल्यावर शेअर स्वस्तात विकावे लागतात, म्हणून ते जास्त विकावे लागतात. बुडत्याचा पाय खोलात. खासगी वाटपात शेअरबरोबर वॉरंटही, म्हणजे ठरलेल्या भावाने पुढे शेअर घेण्याचे हक्क, दिले जातात आणि भाव वर जाऊ लागला की त्यांचा पुरवठा बाजारात उतरतो.

कर्ज, रॉयल्टी आणि स्ट्रीम हे बाकीचे मार्ग. रॉयल्टी देताना विक्रीचा ठरावीक टक्का, तर स्ट्रीममध्ये पुढच्या सोन्याचा हिस्सा आधीच ठरलेल्या कमी दराने विकलेला असतो. त्यात शेअरची संख्या वाढत नाही, पण तेजीचा मलिदा दुसऱ्याच्या पानात जातो. कर्ज देणारे अनेकदा पुढचे उत्पादन आजच्या भावाने बांधून ठेवायला सांगतात. सप्टेंबर १९९९ मध्ये युरोपीय मध्यवर्ती बँकांनी सोन्याच्या विक्रीवर मर्यादा जाहीर केली, भाव एकाएकी उसळला आणि अशाच सौद्यांत अडकलेली अशांती गोल्डफील्ड्स, सोन्याची खाण मालकीची असूनही, सोने महागल्यामुळे संकटात सापडली.

आकर्षण कशाचे, तेही सांगायला हवे. औंसामागे खर्च १,५०० डॉलर असलेल्या खाणीला १,६०० च्या भावाला १०० डॉलर सुटतात आणि १,८०० ला ३००. भाव आठव्या हिश्शाने वाढला, नफा तिप्पट झाला. जुन्या खाणीकडे रस्ता, वीज, कधी गिरणी आणि परवानाही असतो, त्यामुळे शोधापासून उत्पादनापर्यंतचा काळ आखूड होतो. शोधाच्या वेळी शेअर चढतो, अभ्यास आणि परवान्यांच्या रखडलेल्या वर्षांत पडतो आणि उत्पादन जवळ आले की पुन्हा वर येतो, हा क्रम खाण व्यवसायातील गुंतवणूकदार पियेर लासाँद यांच्या नावाने ‘लासाँद वक्र’ म्हणून ओळखला जातो. पुनरुज्जीवनाच्या खाणीत शोधाची चढण पूर्वजांनी खर्चून टाकलेली असते. नव्या भागधारकाला मिळते ती दरी आणि पलीकडची चढण.

मागचे देणे. खाण विकत घेताना तिची घाणही विकत घेतली जाते का, हे कराराच्या कलमावर ठरते. कोलोरॅडोतील समिटव्हिल या एकोणिसाव्या शतकातल्या खाणक्षेत्रात १९८० च्या दशकात गॅलॅक्टिक रिसोर्सेसने ढिगावर सायनाइड शिंपडून सोने काढायला सुरुवात केली. गळती झाली, डिसेंबर १९९२ मध्ये कंपनीने दिवाळे काढले आणि सफाई सरकारच्या गळ्यात पडली. कॅनडातील यलोनाइफजवळच्या जायंट खाणीत मालक रॉयल ओक १९९९ मध्ये बुडाल्यावर पुढच्या खरेदीदाराने आधीच्या प्रदूषणाची जबाबदारी आपल्यावर नसेल याच अटीवर खाण घेतली. तिथल्या भूमिगत कोठ्यांत साठवलेली २,३७,००० टन आर्सेनिक ट्रायऑक्साइडची भुकटी गोठवून ठेवण्याचे काम सरकारी तिजोरीतून चालू आहे.