पोलीस भरतीच्या ग्राउंडवाल्या पोरापोरींसाठी : कधी खायचं, किती खायचं (मेसकडून)

नमस्कार मंडळी, या महिन्यापासून मेसचं टायमिंग बदललंय. पहाटे ४.४५ ला काउंटर उघडणार आणि परत ७.३० ला पोटभर नाश्ता. "काकू एवढ्या पहाटे कोण खातंय" असं जवळजवळ सगळ्यांनीच विचारलं, त्याचं उत्तर या कागदावर आहे, खोलीत भिंतीला चिकटवा.

पोलीस भरतीचं ग्राउंड, म्हणजे मैदानी चाचणी, ५० मार्कांची, मुलांना १६०० मीटर २० मार्कांला, १०० मीटर आणि गोळाफेक १५-१५ ला, मुलींना १६०० च्या जागी ८००. हे तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त पाठ आहे. १६०० ला पैकीच्या पैकी पाहिजेत तर ५ मिनिटं १० सेकंदांच्या आत यायचं, म्हणजे ४०० च्या ट्रॅकवर चार राउंड आणि एक राउंड साधारण ७७ सेकंदात. पहिला राउंड सगळेच ७० मध्ये मारतात हो, तिसऱ्याला पाय दगड होतात. आता पाच मिनिटं पळून काय कुणाच्या अंगातली साखर संपत नाही, पाय दगड होणं हे खरं तर पहिला राउंड पिसाळल्यासारखा पळल्याचं फळ असतं. पण रोज दीड-दोन तास प्रॅक्टिस, मग दिवसभर अभ्यासिकेत बसायचं, संध्याकाळी परत ग्राउंड, हे सगळं चहा-खारीवर निघत नाही. रात्रभराच्या उपाशी पोटानं लिव्हरमधला साखरेचा साठा उतरलेला असतो, मग चक्कर, मळमळ, आणि ९ वाजता पुस्तकावर डोकं ठेवून झोप!

म्हणून पहाटे एक केळं, नाहीतर दोन खजूर आणि अर्धी चपाती गूळ लावून, बस. पळायच्या अर्धा-पाऊण तास आधी एवढंच. वडापाव, मिसळ, अंडी यातलं काही तेव्हा नको, तेल आणि प्रोटीन पचायला वेळ लागतो आणि पोटात पिळ पडतो. खरं जेवण ग्राउंडवरून आल्यावर, शक्यतो तासाभरात. आमच्याकडं त्यावेळी पोहे किंवा उपमा, सोबत मोड आलेली मटकी, दोन अंडी किंवा दूध असतं. तुम्ही काय करता, आंघोळ, कपडे, मोबाईल, आणि ११ ला येऊन एकदम पाच चपात्या. तसं नको.

आता प्रोटीन. सगळ्यात जास्त पैसे इथंच वाया जातात. ६० किलोच्या आणि रोज घाम गाळणाऱ्या पोराला दिवसाला साधारण ७० ते ९० ग्रॅम प्रोटीन बास होतं. एका अंड्यात ६, ग्लासभर दुधात ६-७, मूठभर शेंगदाण्यात ७-८, आणि ५० ग्रॅम सोयाबीन वड्यांत (कोरड्या मोजायच्या) २५ च्या आसपास. वर भाकरी, डाळ, उसळ आहेच, बघा जमतंय का नाही. आमच्या डब्यात आठवड्यातून तीनदा सोयाबीन असतं आणि तुम्ही तेच बाजूला काढता! दोन-तीन हजाराचा प्रोटीन पावडरचा डबा घेऊन घरी खोटं सांगायचं आणि इथं उसळ टाकायची, हा हिशोब आम्हाला कधीच कळला नाही. पावडर वाईट आहे असं नाही, पण ताट पूर्ण संपवल्यावर काही कमी पडत असेल तरच. आणि कुणी इंजेक्शन देतो म्हणाला, सेकंद कमी होतील म्हणाला, तर त्याच्या नादी लागू नका, हृदयावर आणि लिव्हरवर येतं आणि सापडलात तर भरती राहिली बाजूला.

मुलींसाठी वेगळं सांगायचंय. सरकारच्या २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रात निम्म्याहून जास्त बायकांना ॲनिमिया सापडला होता. रक्त कमी म्हणजे ऑक्सिजन कमी, मग कितीही प्रॅक्टिस करा, ८०० चा टायमिंग हलत नाही आणि पोरगी म्हणते माझ्यातच दम नाही. दम नाही असं नाही गं, हिमोग्लोबिन बघ आधी. १२ च्या खाली असेल तर सरकारी दवाखान्यात दाखव, गोळ्या डॉक्टर सांगतील तशाच. इकडं बाजरी, हरभरे, मटकी, पालेभाजी, हळिवाचे लाडू, वर लिंबू पिळायचं, त्यानं लोह चांगलं लागतं. आणि जेवणावर लगेच चहा नाही, त्यानं तेच लोह अडतं. तासभर थांबा. (चहाच्या टपरीवाले आमच्यावर चिडणार.)

पाणी एकदम तांब्याभर ढोसू नका, थोडं थोडं दिवसभर. लघवी गडद पिवळी दिसली म्हणजे कमी पडतंय. उन्हाळ्यात ग्राउंडनंतर मीठ घातलेलं ताक किंवा लिंबूपाणी आमच्याकडून फुकट, मागून घ्या.

आठवड्यातला एक दिवस पळू नका, खरंच. नडगी दुखत असून पट्टी बांधून पळणारे आम्ही बघतो, मग दोन महिने बसतात. रोज टायमिंग लावून जीव काढायचा नसतो, निम्म्याहून जास्त पळणं बोलता येईल एवढ्या हळू पाहिजे, फास्ट राउंड आठवड्यातून दोनदा. बाकी ते ग्राउंडच्या सरांना विचारा, आमचं काम ताटाचं. आणि झोप ७-८ तास, रात्री १ पर्यंत रील बघून ४.४५ ला कोण उठणार?

भरतीच्या दिवशी नवीन काही खाऊ नका. नंबर कधी लागेल सांगता येत नाही, तासन्तास बसावं लागतं, म्हणून केळी, चिक्की, पाणी सोबत ठेवा आणि मोजे दोन जोड, २०२४ ला ग्राउंड जूनमध्ये ऐन पावसात झालं होतं. ज्यांची तारीख आलीय त्यांनी आदल्या दिवशी सांगा, पहाटे ३ ला पण डबा बांधून मिळेल, त्याचे वेगळे पैसे नाहीत.

खाडा आदल्या रात्री ८ च्या आत सांगायचा, सकाळी सांगितला तर धरणार नाही. रविवारी संध्याकाळी मेस बंद.