मोटरहोम काट्यावर नेलं का?

कोल्हापूर जिल्ह्यात वजनकाट्याची ओळख कुणाला करून द्यावी लागत नाही. उसाची ट्रॉली आधी भरलेली काट्यावर जाते, कारखान्यात गव्हाणीपाशी मोकळी झाली की रिकामी पुन्हा काट्यावर येते, आणि दोन आकड्यांची वजाबाकी पावतीवर चढते. काटा चोख आहे की नाही यावरून इथे आंदोलनं झाली आहेत. पण टेम्पो ट्रॅव्हलर किंवा मिनीबस घेऊन, तिच्यात पलंग, ओटा, संडास-बाथरूम बसवून, म्हणजे मोटरहोम करून, कोकणात आणि पुढे गोव्यापर्यंत फिरायला निघणाऱ्या हौशी माणसाला हा काटा आठवत नाही. फर्निचर कसं झालं, एसी कुठला बसवला, सोलर किती वॉटचा, हे सगळे विचारतात. तयार झालेली गाडी किती किलोची भरली, हे विचारणारा क्वचितच भेटतो. माझ्या मते पहिला प्रश्न तोच असायला हवा.

प्रत्येक गाडीच्या आरसीवर वजनाचे दोन आकडे असतात. एक रिकाम्या गाडीचं वजन. दुसरं, माणसं, सामान, डिझेल, पाणी सगळं धरून गाडी जास्तीत जास्त किती किलोपर्यंत रस्त्यावर आणता येते तो आकडा. ट्रकवाल्यांच्या भाषेत गाडीचं पासिंग. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ११३ प्रमाणे यातला कुठलाच आकडा ओलांडता येत नाही. यात एक मेख आहे. मालवाहू गाडीत माल उतरला की वजन उतरतं. मोटरहोममध्ये प्लायवूड, बॅटऱ्या, टाक्या कायमच्या बसलेल्या असतात, म्हणजे गाडीचं रिकामं वजनच वाढलेलं असतं. त्यामुळे आत एकही माणूस आणि एकही पिशवी नसताना गाडी नियमाबाहेर असू शकते. गाडीतला बदल आरटीओकडे नोंदवून आरसीवर आणणं म्हणूनच गरजेचं. जादा वजनासाठी कलम १९४ मध्ये २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये दंड आहे. शिवाय जादा भार तिथेच उतरवायला लावता येतो. उसाच्या मोळ्या उतरवता येतात, स्क्रूने ठोकलेला पलंग कसा उतरवणार?

आता प्रत्यक्ष हिशोब मांडू. समजा पासिंग ४,००० किलो आहे आणि आतलं सगळं काम झाल्यावर गाडी ३,३५० किलो भरली. हातात उरले ६५० किलो. ऐकायला भरपूर वाटतात. चार माणसं, सरासरी ६५ किलोची, म्हणजे २६० गेले. पाण्याची १५० लिटरची टाकी भरली की १५० किलो, कारण एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, त्यात सूट नाही. ७० लिटर डिझेलचे सुमारे ५८ किलो. घरगुती गॅस सिलिंडरमध्ये गॅस १४.२ किलोचा असला तरी टाकीसकट तो ३० किलोच्या घरात जातो. माणशी २० किलो सामान धरलं तर आणखी ८०. बेरीज ५७८. उरले ७२ किलो, आणि अजून तांदळाचं पोतं, खुर्च्या, सायकली, जॅक, स्टेपनी यांपैकी काही मोजलेलंच नाही. पाचवा माणूस बसला की खेळ संपला.

खरा घोटाळा होतो तो गाडी बांधतानाच. १८ मिलिमीटर जाडीच्या, आठ बाय चार फुटी प्लायवूडची एक शीट ३० ते ३८ किलोची असते. घरातल्या ओट्यासारखा ग्रॅनाइट इथेही हवा, असा हट्ट धरणारे आहेत. त्याच जाडीच्या ग्रॅनाइटचं वजन चौरस मीटरला जवळपास ५० किलो भरतं. घरातल्या इन्व्हर्टरची मोठी ट्यूब्युलर बॅटरी एकेक ५० किलोच्या पुढे जाते. कोल्हापुरातल्या शिवाजी उद्यमनगरातल्या कारागिराच्या हाताबद्दल मला मनापासून आदर आहे, त्याला सांगितलं ते तो करून देतो. पण त्याला किलोचं बजेट सांगायचं काम आपलं आहे. रुपयांचं बजेट आपण आठवणीने सांगतोच.

एकूण वजन बसलं म्हणजे झालं असंही नाही. ते कुठल्या एक्सलवर, म्हणजे चाकांच्या आसावर, किती पडलं, हे तितकंच महत्त्वाचं, आणि इथे शाळेतली तरफ कामाला येते. पुढच्या आणि मागच्या चाकांतलं अंतर ४ मीटर धरू. मागच्या एक्सलच्याही १ मीटर मागे, शेपटीत, २०० किलोचं सामान ठेवलं. मागच्या चाकांवर २०० नव्हे, २५० किलो वाढतात, आणि पुढच्या चाकांवरचे ५० किलो कमी होतात. मागचा टायर जास्त दबतो आणि पुढचा, ज्याच्या जिवावर स्टिअरिंग चालतं, तो रस्त्यावर हलका पडतो. ओल्या रस्त्यावर वळण घेताना हे हातांना जाणवतं.

पाण्याचं तर आणखी गमतीदार आहे. ओट्यावर भांडी धुतली, आंघोळ झाली, तरी गाडीचं वजन एक किलोही घटत नाही. चांगलं पाणी सांडपाण्याच्या टाकीत जातं, इतकंच. चांगल्या पाण्याची टाकी मागच्या एक्सलच्या १ मीटर पुढे आणि सांडपाण्याची १ मीटर मागे असेल, तर १०० लिटर पाणी एकीकडून दुसरीकडे गेल्यावर मागच्या एक्सलवर ५० किलो वाढतात. सकाळी नियमात असलेला एक्सल संध्याकाळी, नवीन काहीही न भरता, नियमाबाहेर. दोन्ही टाक्या शक्यतो दोन एक्सलच्या मध्येच बसवाव्यात असा माझा आग्रह त्यामुळेच आहे.

टायरच्या कडेला मापासोबत ११२/११० असा आकडा दिसेल. तो भारांक. ११२ म्हणजे एकेरी चाक असताना एका टायरला १,१२० किलो, आणि ११० म्हणजे जोडचाक, म्हणजे एका बाजूला दोन टायर, असताना प्रत्येकी १,०६० किलो. जोडचाकात भार दोघांवर अगदी सारखा पडत नाही आणि मधली हवा कोंडते, म्हणून आकडा खाली. मागे एकेरी चाकं असतील तर एक्सलला २,२४० किलोच्या वर त्या टायरवर विसंबता येत नाही, तेही कंपनीने सांगितलेली हवा भरलेली असताना. जादा भाराने टायर प्रत्येक फेऱ्यात जास्त वाकतो, वाकण्यातली ऊर्जा उष्णता होते, आणि एप्रिल-मे महिन्यात हायवेवर ती बाहेर पडायला जागा उरत नाही. काही जण यावर कमानपाटे, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्या, वाढवतात. त्याने गाडी बसलेली दिसत नाही, एवढाच फायदा. एक्सल, टायर, ब्रेक तेच राहतात, आणि पासिंगही तेच.

ब्रेकबद्दल थोडं थांबून बोलायला हवं, कारण कोल्हापुरातून समुद्राकडे जायचं तर घाट चुकत नाही. आंबा, गगनबावड्याखालचे करूळ आणि भुईबावडा, फोंडा, आंबोली, कुठूनही उतरा, सह्याद्रीची भिंत उतरावीच लागते. सपाटीवर जड गाडी हलकीपेक्षा लांब जाऊनच थांबते असं भौतिकशास्त्र सरसकट म्हणत नाही. वजन वाढतं तसं टायर आणि रस्त्यामधलं घर्षणही वाढतं. अडचण उष्णतेची आहे. ४,००० किलोची गाडी ५०० मीटर उंची उतरली, की सुमारे १ कोटी ९६ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. एवढ्या ऊर्जेत ३० अंशांचं ६७ लिटर पाणी उकळीपर्यंत तापतं. तीच गाडी ४,६०० किलो भरली असेल तर ७७ लिटर. हे सगळं ब्रेकच्या ड्रम आणि लायनरवर सोडलं तर ते तापून पकड सोडतात. ब्रेक ऑइल जुनं असेल, त्यात दमटपणा शिरला असेल, तर त्याचा उत्कलनबिंदूही खाली आलेला असतो. डॉट ३ प्रकारच्या ताज्या तेलासाठी तो किमान २०५ अंश असतो, पाणी शोषलेल्यासाठी किमान मर्यादा १४० अंशच आहे. तेलाची वाफ झाली की पेडल थेट खाली जातं. घाटात खालच्या गिअरमध्ये उतरायचं ते याचसाठी, ऊर्जेचा मोठा वाटा इंजिनाने खावा म्हणून. कंपनी पासिंगचा आकडा ठरवते तेव्हा ब्रेकची ही ताकद त्यात धरलेली असते.

रस्त्याचं काय? १९५८ ते १९६० या काळात अमेरिकेत इलिनॉय राज्यात ओटावा गावाजवळ मुद्दाम रस्ते बांधून त्यावर ट्रक फिरवले गेले, एक्सलचे दहा लाखांहून जास्त फेरे. त्यातून निघालेला ढोबळ नियम असा, की रस्त्याची झीज एक्सलवरच्या भाराच्या चौथ्या घाताने वाढते. भार २० टक्के जास्त, तर झीज दुपटीहून थोडी अधिक. आपल्याकडे २०१८ साली जोडचाकाच्या एका एक्सलची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन झाली. त्या एक्सलची झीज अडीच टनांच्या मोटरहोम-एक्सलच्या जवळपास ४५० पट पडते. म्हणजे महामार्ग मोटरहोममुळे उखडतो असं कुणी म्हटलं तर ते खोटं आहे. मोटरहोमच्या बाबतीत वजनमर्यादा मुख्यतः आत बसलेल्यांसाठी आणि समोरून येणाऱ्यांसाठी आहे.

युरोपात हा विषय मोटरहोमवाल्यांच्या रोजच्या बोलण्यात असतो, कारण तिथे साध्या कारच्या लायसन्सची हद्द वर्षानुवर्षं ३,५०० किलो राहिली. जर्मनीत त्यापुढच्या मोटरहोमला वेगवान महामार्गावरही ताशी १०० किलोमीटरचं बंधन आहे. ब्रिटनमध्ये १ जानेवारी १९९७ पूर्वी कारची परीक्षा दिलेल्यांना ७,५०० किलोपर्यंत मुभा मिळाली, नंतरच्यांना नाही. आपल्याकडे ‘हलकं वाहन’ ७,५०० किलोपर्यंत धरलं जातं, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने त्या वजनापर्यंतचं वाहतूक वाहनही हलक्या वाहनाच्या लायसन्सवर चालवता येतं, असा निर्णय दिला. लायसन्सचा प्रश्न त्यामुळे आपल्याला फारसा पडत नाही. बहुधा म्हणूनच वजनाचाही पडत नाही.

काटा करायला अर्धा तास पुरतो. मार्केट यार्ड, शिरोली, गोकुळ शिरगाव, कुठेही सार्वजनिक काटा सापडेल. डिझेल, पाणी, गॅस भरून, सगळी माणसं आपापल्या जागी बसवून आधी अख्खी गाडी चढवा. मग फक्त पुढची चाकं काट्यावर ठेवून आकडा घ्या, नंतर फक्त मागची. काट्याच्या दोन्ही बाजूंची जमीन समतल असेल तर दोन्हींची बेरीज अख्ख्या वजनाशी जुळते. तिन्ही पावत्या गाडीच्या कागदांत ठेवा आणि आरसीवरच्या व कंपनीने दिलेल्या एक्सलच्या आकड्यांशी ताडून पाहा. वजन थोडंसंच जास्त निघालं तर सर्वांत सोपा उपाय पाण्याचा आहे. निघताना टाकीत ३० लिटर ठेवा, घाट उतरून मुक्कामाला पोचल्यावर टाकी भरा. १२० किलो तिथल्या तिथे कमी झाले.