मोठा पट आणि ‘हत्ती-घोडा’ : पार्श्वभूमी

वरच्या दर्जाचे बुद्धिबळ लवकरच बरोबरीच्या डावांत अडकून पडेल, अशी भीती क्यूबाच्या विश्वविजेत्याने, होजे राऊल कापाब्लांकाने, १९२० च्या दशकात व्यक्त केली आणि उपाय म्हणून दहा स्तंभ व आठ ओळींचा, म्हणजे ८० घरांचा पट व दोन नवे मोहरे सुचवले. मोठे पट त्याआधीही होते. १२८३ च्या एका स्पॅनिश हस्तलिखितात १४४ घरांचा डाव आढळतो. परंतु कापाब्लांकाच्या प्रस्तावाचे मूळ सिसिलीतील एका धर्मगुरूच्या १६१७ च्या पुस्तकात शोधावे लागते. तेथेही पट ८० घरांचाच असून एका नव्या मोहऱ्याला हत्ती व घोडा यांच्या, तर दुसऱ्याला उंट व घोडा यांच्या चाली एकत्र दिलेल्या आहेत. पुढे अनेकांनी हीच जोडी उचलली. बदलली ती मुख्यतः नावे आणि मांडणी.

नावांचा गुंता मात्र विलक्षण आहे. हत्ती-घोड्याचा हा मोहरा १६१७ मध्ये ‘चॅम्पियन’ होता, १८७४ च्या इंग्रजी प्रस्तावात ‘गार्ड’ झाला, क्यूबाच्या विश्वविजेत्याकडे ‘चॅन्सेलर’, १९८४ च्या शंभर घरांच्या डच प्रकारात ‘मार्शल’, तर बुद्धिबळाचे कूटप्रश्न रचणाऱ्यांच्या परिभाषेत ‘एम्प्रेस’. २००७ मध्ये एका अमेरिकन ग्रँडमास्टरने तो नेहमीच्या ६४ घरांवरच उतरवला आणि त्याला ‘एलिफंट’ म्हटले. मराठीत येथे पंचाईत होते, कारण शब्दशः भाषांतर केल्यास एकाच पटावर निराळ्या चालींचे हत्ती उभे राहतात. तैमूरच्या काळाशी जोडल्या जाणाऱ्या ११ × १० च्या डावातील उंटही आपला तिरका धावणारा उंट नव्हे. तो तीन घरे सरळ व एक घर बाजूला अशी उडी घेतो. त्यामुळे कितीही रुक्ष वाटले तरी मराठीत ‘हत्ती-घोडा’ आणि ‘उंट-घोडा’ असेच म्हणणे श्रेयस्कर.

क्यूबाच्या विश्वविजेत्याच्या मांडणीवरचा मुख्य आक्षेप रास्त होता. तीत राजाच्या बाजूच्या घोड्यापुढील प्याद्याला आरंभी कोणाचाच जोर नसतो. पांढऱ्याने वजिराच्या बाजूच्या उंटापुढील प्यादे हलवताच त्याचा उंट-घोडा काळ्याच्या त्या प्याद्यावर थेट रोखला जातो. हा दोष टाळणाऱ्या एका नव्या मांडणीला २००२ मध्ये अमेरिकेत पेटंट मिळाले. मोहऱ्यांच्या चाली चारशे वर्षांपूर्वीच्या, पटही तेवढाच जुना, मग मालकी कशाची, हा प्रश्न तेव्हा उपस्थित होणे साहजिक होते. २००६ मध्ये शुल्क न भरल्यामुळे ते पेटंट रद्द झाले.