रोबोटिक्स आणि इमेज प्रोसेसिंगमधील प्राध्यापकभरती (कोकण)

विद्यापीठात किंवा संलग्न अभियांत्रिकी महाविद्यालयात रोबोटिक्स, सिग्नल प्रोसेसिंग (संकेत संस्करण) व इमेज प्रोसेसिंग (प्रतिमा संस्करण) हे विषय शिकवायला आणि त्यांत संशोधन करायला शिक्षक निवडण्याची प्रक्रिया. जाहिरात, छाननी, मुलाखत, नियुक्ती, मान्यता हे टप्पे सगळीकडे सारखेच. कोकणात ही भरती अवघड होते ती दोन कारणांनी. एक तर हे विषय कोणत्याच एका शाखेत पुरते मावत नाहीत. दुसरे, त्यांत हात बसलेला माणूस पुण्या-मुंबईच्या कंपन्यांनाही हवा असतो.

संस्था : रायगड जिल्ह्यात माणगावजवळ लोणेरे येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. ते १९८९ च्या राज्य कायद्याने स्थापन झाले. पूर्वी ते आपल्या आवारापुरतेच होते, आता राज्यभरची महाविद्यालये त्याला संलग्न आहेत. खाजगी महाविद्यालयांत रत्नागिरीची फिनोलेक्स अकादमी, देवरुखजवळ आंबवचे राजेंद्र माने महाविद्यालय आणि खेड तालुक्यातल्या लवेलची घरडा संस्था ही ठळक नावे. शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयांतली पदे लोकसेवा आयोगामार्फत भरली जातात. दापोलीच्या कृषी विद्यापीठात (स्थापना १९७२) कृषी अभियांत्रिकी शिकवली जाते, त्यामुळे शेतीतल्या यंत्रांचा विचार तिथेही होतो.

पदे किती : अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या निकषानुसार वीस विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक, आणि प्राध्यापक, सहयोगी प्राध्यापक, सहायक प्राध्यापक यांचे प्रमाण १:२:६. साठ जागांच्या इलेक्ट्रॉनिक्स शाखेत दुसऱ्या ते चौथ्या वर्षापर्यंत १८० विद्यार्थी धरले, तर शिक्षक होतात नऊ. या नऊ जणांत अ‍ॅनालॉग सर्किट, मायक्रोकंट्रोलर, अँटेना, कम्युनिकेशन सगळे वाटून घ्यायचे असते. रोबोटिक्ससाठी उरते जेमतेम एक पद. म्हणून त्या एका पदाची जाहिरात मोघम निघाली की पुढची कित्येक वर्षे विभागाला त्याची किंमत मोजावी लागते.

अर्हता : परिषदेच्या २०१९ च्या नियमांनुसार सहायक प्राध्यापकाला ‘संबंधित शाखे’तली पदवी व पदव्युत्तर पदवी लागते आणि त्यांपैकी एकीत प्रथम श्रेणी. सहयोगी प्राध्यापकाला पीएच.डी., आठ वर्षांचा अनुभव आणि सहा शोधनिबंध, तर प्राध्यापकाला दहा वर्षांचा अनुभव लागतो. सातव्या वेतन आयोगानुसार सुरुवातीचे मूळ वेतन अनुक्रमे ५७,७००, १,३१,४०० आणि १,४४,२०० रुपये आहे. आरक्षण बिंदुनामावलीप्रमाणे, म्हणजे कोणते पद कोणत्या प्रवर्गाला ते ठरवणाऱ्या क्रमवार यादीप्रमाणे.

खरी अडचण ‘संबंधित शाखा’ या दोन शब्दांत आहे. रोबोटच्या हाताची गती समजायला मेकॅनिकल लागते, मोटार चालवायला इलेक्ट्रिकल, सेन्सरमधला गोंगाट गाळायला इलेक्ट्रॉनिक्स आणि कॅमेऱ्यातून दिसलेले ओळखायला कॉम्प्युटर. एखाद्या मुलीने बी.ई. इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये, एम.टेक. मेकॅट्रॉनिक्समध्ये आणि पीएच.डी. कॉम्प्युटर विभागात वैद्यकीय प्रतिमांवर केली असेल, तर छाननीच्या टेबलावर तिचा अर्ज कोणत्या गठ्ठ्यात ठेवायचा? कोणती पदवी कोणत्या मुख्य शाखेला चालते, याची यादी परिषदेने २०१७ मध्ये अधिसूचित केली आहे. जाहिरात काढण्याआधी ती शेजारी ठेवून चालणाऱ्या सगळ्या पदव्या नावानिशी छापल्या, तर चांगला उमेदवार कारकुनी चाळणीत गळत नाही. एका ओळीचे हे काम मुलाखतीइतकेच मोलाचे आहे.

शोधनिबंधांचा प्रश्नही तसाच. नियमांत वजन नियतकालिकांना आहे, पण रोबोटिक्स आणि कॉम्प्युटर व्हिजन (यंत्राने चित्रातले ओळखणे) या क्षेत्रांत पहिल्या दर्जाचे काम बऱ्याचदा आधी संशोधकांच्या परिषदांतून (कॉन्फरन्समधून) येते. तेव्हा निव्वळ संख्या मोजणाऱ्या समितीपेक्षा दोन निबंध वाचून आलेला बाहेरचा विषयतज्ज्ञ जास्त कामाचा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत विद्यापीठाच्या निवड समितीवर असे तीन तज्ज्ञ असतात, आणि त्यांतले किमान दोन हजर असल्याशिवाय गणपूर्ती होत नाही.

मुलाखत : दहा मिनिटांचा नमुना तास हा मुलाखतीचा गाभा. उमेदवार फळ्यावर तीन बाय तीनचा चौकोन काढतो; प्रत्येक घरातला आकडा म्हणजे चित्रातल्या एका ठिपक्याचा उजळपणा. डाव्या आणि मधल्या रकान्यात १०, उजव्यात ८०. शेजारी सोबेलचा मुखवटा, म्हणजे चित्रातली कड शोधणारा आकड्यांचा तेवढाच चौकोन : डावीकडे उणे १, उणे २, उणे १; मध्ये शून्ये; उजवीकडे १, २, १. मग गुणाकार आणि बेरीज : ७०, १४०, ७०, एकूण २८०. सगळीकडे १० असते तर उत्तर आले असते शून्य. ‘म्हणजे इथे कड आहे,’ असे म्हणून तो खडू खाली ठेवतो. ज्याला हे एवढ्यात दाखवता येते, त्याचा तास मागच्या बाकावरही पोचतो. ज्याला चाळीस स्लाइड लागतात, त्याच्याबद्दल समितीने थांबून विचार करावा.

दुसरी कसोटी डेटाची. १९७३ मध्ये अमेरिकेत स्कॅन झालेले ‘लेना’ हे एका तरुणीचे छायाचित्र पुढची अनेक दशके प्रतिमा संस्करणातली ठरीव चाचणी होऊन बसले. अशा तयार चित्रांवर पीएच.डी. पुरी करता येते. पण आंब्याच्या कलमाखालच्या कवडशांत, हलत्या फांदीवर, दुपारी बारा वाजता तीच पद्धत टिकेल का? हा प्रश्न कोकणातल्या मुलाखतीत विचारायलाच हवा, कारण इथले काम तिथेच आहे.

कामाची जागा : हापूसमधला साका (गरातला खराब झालेला भाग) बाहेरून दिसत नाही. फळ कापल्यावरच तो कळतो, आणि तोवर पेटी गिऱ्हाइकाच्या घरी गेलेली असते. साल न फोडता आतले ओळखणे हा प्रतिमा संस्करणाचा जिवंत प्रश्न आहे. काजूचे गर डब्ल्यू-१८०, डब्ल्यू-२४०, डब्ल्यू-३२० अशा प्रतींत निवडतात, आणि हा आकडा म्हणजे एका पौंडात साधारण किती अख्खे गर बसतात ते. सिंधुदुर्गात बायका हे काम नुसत्या नजरेने करतात. त्यांच्या नजरेतले यंत्रात उतरवायचे तर आधी त्यांच्याजवळ बसून शिकावे लागते. रत्नागिरीतल्या मिरकरवाड्याच्या बंदरातल्या बोटींवर फिश फाइंडर (ध्वनिलहरींनी मासे शोधणारे यंत्र) असतो. तळावरून आणि थव्यावरून परतलेला प्रतिध्वनी इंजिनाच्या गोंगाटातून वेगळा काढणे हे शुद्ध सिग्नल प्रोसेसिंग, आणि तिसऱ्या वर्षाच्या मुलाला फिल्टर समजावून सांगायला यापेक्षा चांगले उदाहरण शोधून सापडणार नाही. जो उमेदवार मुलाखतीला येण्याआधी एकदा बंदरावर किंवा काजू कारखान्यात जाऊन आला आहे, त्याला वरचे स्थान द्यावे.

तासिका तत्त्व व उद्योगातील शिक्षक : पूर्णवेळ पद मंजूर होईपर्यंत बरेच तास तासिका तत्त्वावर चालतात. त्यात शिकवणे कसेबसे भागते, पण प्रयोगशाळा उभी राहत नाही, कारण तासाला पैसे मिळणाऱ्याने संध्याकाळी सातपर्यंत रोबोटची सर्वो मोटार जुळवत का बसावे? विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ ही वाट खुली केली. किमान पंधरा वर्षे उद्योगात काढलेल्या जाणकाराला पीएच.डी.विना, जास्तीत जास्त चार वर्षे, मंजूर पदांच्या दहा टक्क्यांच्या मर्यादेत घेता येते. महाड आणि लोटे-परशुरामच्या कारखान्यांत पीएलसी (यंत्रे चालवणारे छोटे औद्योगिक संगणक) आणि नियंत्रणयंत्रणा सांभाळलेले अभियंते जवळच आहेत. औद्योगिक ऑटोमेशनचा विषय त्यांच्याइतका कोण शिकवील?

टिकणे : नियुक्तिपत्र देऊन भरती संपत नाही. जोडीदाराची नोकरी, मुलांची शाळा, राहायला क्वार्टर या तीन गोष्टींवर माणूस थांबतो की दोन वर्षांत पुण्याला जातो ते ठरते. मूळचे इथले आणि बाहेर शिकलेले चाकरमानी गणपतीत घरी येतात. जाहिरात त्यांच्यापर्यंत पोचवणे हा साधा उपाय आहे, आणि तो वापरायला हवा.

प्रयोगशाळेचे पैसे मात्र रुजू होण्याआधी मंजूर करून ठेवावेत. खाऱ्या दमट हवेत उघड्या सर्किटच्या कनेक्टरवर हिरवट थर चढतो आणि कॅमेऱ्याच्या भिंगावर बुरशी धरते. आर्द्रता आवरणारी खोली, वीज गेल्यावर चालणारे यूपीएस आणि सुट्या भागांचे एक कपाट एवढे जूनच्या आधी तयार असेल, तर नवा शिक्षक पहिल्या पावसाळ्यातही प्रात्यक्षिके घेऊ शकतो.