फोटोला उठाव देणारा कागद

१२ इंची चौकोनी स्क्रॅपबुकच्या पानाचं क्षेत्रफळ साधारण ९३० चौरस सेंटिमीटर भरतं. त्यावर ४ बाय ६ इंचांचा नेहमीचा फोटो ठेवला की तो १५५ चौरस सेंटिमीटर जागा घेतो, म्हणजे जेमतेम सहावा हिस्सा. उरलेले पाच हिस्से कागदाचे. नक्षीचा कागद घेताना बहुतेक जण फोटोतला एखादा रंग धरतात, त्याला जुळणारा कागद शोधतात आणि तिथेच थांबतात. पण पाचपट जागा व्यापणारा कागद फोटोशेजारी गप्प बसून राहत नाही. तो त्वचेचा रंग बदलतो, साडी फिकी पाडतो, चेहऱ्याकडे जाणारी नजर अडवतो. हा सगळा खेळ आपल्या डोळ्यांत आणि मेंदूत चालतो. त्याचे नियम ठाऊक असले तर निम्मी निवड दुकानातच होते.

यातला पहिला नियम रंगाबद्दलच्या एका तक्रारीतून सापडला. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मिशेल यूजीन शेव्हरल १८२४ साली पॅरिसच्या गोबलां विणकाम कारखान्यात रंगाई विभागाचे प्रमुख झाले. तिथे निळ्या-जांभळ्या वस्त्रांच्या सावल्या विणण्यासाठी वापरलेला काळा रंग कच्चा दिसतो, अशी ओरड होती. शेव्हरल यांनी तो काळा धागा इतर ठिकाणच्या काळ्या धाग्यांशी ताडून पाहिला. रंगात खोट नव्हती. शेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांमुळे काळा फिका भासत होता. शेजारी ठेवलेले दोन रंग एकमेकांना आपल्यापासून दूर ढकलतात, हे त्यांनी पुढे १८३९ च्या ग्रंथात सविस्तर मांडलं. हिरव्याशेजारी कुठलाही रंग जरा लालसर दिसतो, जांभळ्याशेजारी पिवळट, गडदाशेजारी उजळ आणि उजळाशेजारी गडद.

हळदीच्या कार्यक्रमाचा फोटो घ्या. पिवळी साडी, पिवळे गाल, मागे झेंडूच्या माळा. अशा फोटोला हात आपसूक झेंडूच्या नक्षीच्या पिवळ्याधमक कागदाकडे जातो. नेमकं तिथे गणित फसतं. छापील पिवळा हा फोटोतल्या पिवळ्यापेक्षा जवळजवळ नेहमीच जास्त तेज असतो, त्यामुळे त्याच्या शेजारी खरी हळद मळकट दिसू लागते. मग कुणी विरोधी रंग म्हणून जांभळा घेतो. हळद झळकते खरी, पण गव्हाळ त्वचेवर पिवळट-हिरवट झाक येते आणि नवरी आजारी वाटते. या फोटोला सगळ्यात चांगला साथ देतो तो उतरलेला हिरवा, आंब्याच्या जुन्या पानासारखा. तो त्वचेला किंचित तांबूसपणा देतो, हळदीशी भांडत नाही, आणि फोटोत आंब्याच्या डहाळ्या असतील तर तिथला दुवाही जुळतो. पोपटी मात्र नको. रंग जितका तेज, तितकं हे ढकलणं जास्त, आणि पोपटी स्वतःच नजर ओढून घेतो.

यातून एक सरळ पद्धत निघते. फोटोत सगळ्यात जास्त पसरलेला रंग कागदासाठी उचलू नये, थोड्याशाच जागेत असलेला उचलावा. लाल शालूच्या फोटोला चुड्याचा हिरवा, शाळेच्या गणवेशातल्या फोटोला रिबिनीचा किंवा दप्तराचा रंग. तोही फोटोत आहे त्यापेक्षा एक-दोन छटा मंद. मोठा रंग फोटोतच पुरेसा बोलत असतो, त्याला बाहेरून जोड लागत नाही.

उजेडाच्या बाबतीतही हेच. संध्याकाळच्या समारंभाचे, हॉलमधल्या पिवळ्या दिव्यांतले फोटो मुळातच गडद असतात. ते पांढऱ्याशुभ्र पानावर लावले तर चेहरे आणखी काळवंडतात. सावळ्या रंगाच्या माणसांवर हा अन्याय सर्रास होतो आणि दोष कॅमेऱ्याला दिला जातो. अशा वेळी मध्यम गडद कागद घ्यावा: राखी, मातकट, करडा निळा. फोटोला हात न लावता चेहरे उजळतात.

रंगांची ही ढकलाढकली दोन रंग एकमेकांना टेकलेले असताना सर्वाधिक असते. मध्ये अरुंद पट्टी आली की ती बरीच ओसरते. फोटोखाली साध्या कार्डशीटचा मॅट, म्हणजे चारही बाजूंनी थोडा बाहेर डोकावणारा कागद, लावण्यामागचं खरं कारण हेच. ४ बाय ६ चा फोटो मिलिमीटरमध्ये साधारण १०२ बाय १५२ असतो. चारही बाजूंना ४ मिलिमीटर सोडायचे तर मॅट ११० बाय १६० कापावा. ३ मिलिमीटरपेक्षा कमी सोडले तर कापण्यातली अर्ध्या मिलिमीटरची चूकही तिरकी दिसते. फोटो आणि नक्षी दोन्ही गजबजलेले असतील तर ६ मिलिमीटर घ्या.

आता नक्षीच्या मापाकडे येऊ. रंगापेक्षा मापाच्याच चुका जास्त होतात, असं ठामपणे म्हणावंसं वाटतं.

पान आपण साधारण ४० सेंटिमीटरवरून पाहतो. त्या अंतरावर नजरेच्या कोनाचा १ अंश म्हणजे पानावरचे जवळपास ७ मिलिमीटर. डोळा जिथे रोखलेला असतो तेवढंच आपल्याला खरं स्पष्ट दिसतं. बाजूच्या गोष्टी ओळखताना त्यांच्या आसपासची गर्दी आड येते. डच शास्त्रज्ञ हर्मन बाउमा यांनी १९७० मध्ये या गर्दीचं माप सांगितलं: नजरेच्या बिंदूपासून एखादी गोष्ट जितकी दूर, त्याच्या सुमारे निम्म्या अंतरात दुसऱ्या आकृत्या असतील तर ती ओळखणं अवघड होतं. स्क्रॅपबुकमध्ये याचा अर्थ असा. पाहणाऱ्याची नजर शीर्षकावर आहे आणि चेहरा तिथून ७ सेंटिमीटरवर, म्हणजे १० अंशांवर. मग चेहऱ्याभोवतीच्या साडेतीन सेंटिमीटरच्या परिघात जी नक्षी येईल ती सगळी गर्दी. ४ मिलिमीटरचा मॅट रंगापुरता कामाचा, या गर्दीला तो पुरत नाही. म्हणून फोटोत चेहरा ज्या कडेला असेल, पानावर त्या बाजूला साधा कागद ठेवावा आणि नक्षी विरुद्ध बाजूला न्यावी.

गर्दीतल्या आकृत्या मूळ गोष्टीसारख्याच असल्या तर त्रास वाढतो. आठ-दहा जणांच्या ग्रुप फोटोत ४ बाय ६ च्या प्रिंटवर एकेक चेहरा जेमतेम ८ ते १० मिलिमीटरचा येतो. त्याच्या शेजारी १० मिलिमीटरची गोल, अबोली रंगाची फुलं आली की डोळ्याला चेहरे आणि फुलं वेगळी काढायला कष्ट पडतात. सोपी युक्ती अशी: फोटोतल्या चेहऱ्याची रुंदी पट्टीने मोजा. नक्षीतली आकृती त्याच्या एक तृतीयांशापेक्षा लहान हवी किंवा तिपटीहून मोठी. लहान असेल तर ती पोत म्हणून दिसते. मोठी असेल तर फोटोखाली तिचा बराच भाग झाकला जातो आणि उरलेला वळणदार तुकडा म्हणून उरतो. मधल्या मापाची नक्षी टाळलेलीच बरी, मग ती कितीही देखणी असो.

पट्ट्यापट्ट्यांच्या कागदाला वेगळी सूचना. एका अंशात तीनेक जोड्या, म्हणजे ४० सेंटिमीटरवर सुमारे सव्वा मिलिमीटर रुंदीचे गडद आणि तितकेच फिके पट्टे, ही नक्षी डोळ्याला सर्वांत बोचते. पट्टे हलल्यासारखे वाटतात, काहींचं डोकं दुखतं. काळ्या-पांढऱ्या बारीक पट्ट्यांचा कागद दुकानात फार आकर्षक दिसतो आणि पूर्ण पानभर लावला की फोटोवर नजर ठरत नाही. तो हवाच असेल तर एक सेंटिमीटर रुंदीची कात्रण लावा, त्याहून जास्त नको. ८-१० मिलिमीटरचे पट्टे किंवा मंद रंगातली चौकडी निर्धास्त वापरा. अशा बारीक पट्ट्यांच्या पानाचा मोबाइलने फोटो काढला तर पडद्यावर लाटाही उमटतात, कारण पट्टे आणि कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या सेन्सरच्या ओळी एकमेकींत अडकतात.

अगदी बारीक नक्षीचा स्वभाव मात्र उलटा. तिथे रंग एकमेकांना ढकलत नाहीत, मिसळतात. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ विल्हेल्म फॉन बेझोल्ड यांनी एकोणिसाव्या शतकात याचं वर्णन केलं. रंगांतला फरक टिपताना डोळ्याची बारकाई उजेड-अंधाराच्या फरकाइतकी तीक्ष्ण नसते. त्यामुळे पांढऱ्यावर लाल टिंबटिंब असलेला कागद हातभर अंतरावरून लाल राहत नाही, गुलाबी होतो. निळ्या-पिवळ्या बारीक चौकडीचा करडा होतो. म्हणून बारीक नक्षीचा रंग जवळून पारखू नये. कागद उभा करून दोन मीटर मागे जा, डोळे अर्धवट मिटा. जो सरासरी रंग दिसेल, तो फोटोशी जुळतो का ते पाहा.

फोटोतच नक्षी असेल तर? पैठणीचा पदर, खणाची चोळी, गालिचा, मागे फुलांचं डेकोरेशन. पैठणीला मोरांचा कागद लावला की छापील मोर जिंकतो, कारण विणलेला मोर फोटोत दोनतीन मिलिमीटरचा असतो. इथे नक्षीचा कागद पानाच्या एका बाजूला ८ सेंटिमीटर रुंदीच्या पट्टीपुरता ठेवावा. ही पट्टी पानाचा साधारण चौथा हिस्सा व्यापते, तेवढी पुरे. बाकी साधी कार्डशीट. एकाच पानावर दोनतीन नक्ष्या घ्यायच्याच असतील तर एक मोठी, एक मध्यम, एक बारीक घ्या आणि तिन्हींत एक रंग समान ठेवा.

आजी-आजोबांच्या कृष्णधवल फोटोंसाठी निवड सर्वांत सोपी वाटते आणि तिथेच ती हमखास चुकते. ‘काळ्या-पांढऱ्याला काहीही चालतं’ हा समज चूक आहे. पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या प्रिंटमधला पांढरा आता साईच्या रंगाचा झालेला असतो. आजचा कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून त्यात चकाकी आणणारी रसायनं घालतात. ती उन्हातले अतिनील किरण शोषून निळसर प्रकाश बाहेर टाकतात, म्हणून कागद पांढऱ्याहून पांढरा भासतो. त्यावर जुना फोटो ठेवला की तो कळकट दिसतो. फोटोतल्या सर्वांत उजळ जागेपेक्षा किंचित गडद आणि किंचित पिवळट कागद घेतला, तर तीच जागा पुन्हा पांढरी वाटते. सदऱ्याचा पांढरा, नऊवारीच्या काठाची चमक परत मिळते. नक्षी एकाच रंगातली, खाकी किंवा करडी.

ही चकाकी उजेडावर अवलंबून असते. घरातल्या किंवा दुकानातल्या एलईडी दिव्यांत अतिनील किरण जवळजवळ नसतात, म्हणून दुकानात जुळलेले दोन पांढरे खिडकीपाशी वेगळे दिसू शकतात. छापील रंगांचंही तसंच: एका दिव्याखाली सारख्या दिसणाऱ्या दोन छटा दुसऱ्या दिव्याखाली फारकत घेतात. फोटोची साधी प्रत सोबत न्या, कागदावर ठेवा, आधी दुकानातल्या दिव्याखाली आणि मग दाराबाहेर उजेडात पाहा. मग मोबाइलने त्या जोडीचा कृष्णधवल फोटो काढा. त्यात फोटोची कड कागदात विरघळत असेल तर रंग कितीही वेगळे असले तरी फोटो उठणार नाही, कारण कडा ओळखताना डोळा मुख्यतः उजेडाच्या फरकावर विसंबतो.

कागद दिसायला योग्य ठरला तरी तो फोटोला सोसवेल का, हे राहतंच. वर्तमानपत्र पिवळं पडतं ते लाकडातल्या लिग्निन नावाच्या घटकामुळे. स्वस्त गिफ्ट पेपरमध्ये लिग्निन आणि आम्ल दोन्ही असू शकतात. पाकिटावर ‘आम्लमुक्त, लिग्निनमुक्त’ लिहिलेला, १२० ते १८० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला तितके ग्रॅम वजनाचा) कागद घ्या. आम्ल तपासायचं पेन मिळतं. त्याची शाई आम्लधर्मी कागदावर पिवळी राहते, आम्लमुक्त कागदावर जांभळी होते. कागद आधीच गडद रंगाचा असेल तर ही खूण वाचता येत नाही, तेव्हा मागच्या पांढऱ्या बाजूला ओढावी. सुती चिंध्यांपासूनच्या हातकागदात लिग्निनचा प्रश्नच नसतो. पुण्याच्या हातकागद संस्थेचं किंवा जयपूरजवळच्या सांगानेरचं काम त्यासाठी प्रसिद्ध आहे. ठसेछपाईच्या अशा कागदाचा रंग मात्र ओल लागताच सुटू शकतो. ओल्या कापसाचा बोळा कोपऱ्यावर मिनिटभर दाबून ठेवा. बोळ्याला रंग लागला तर तो कागद फोटोला टेकू देऊ नका, मध्ये जाड मॅट हवाच.

सोनेरी छपाईतला सोनेरी पुष्कळदा पितळेच्या भुकटीचा असतो. तो हवेने काळवंडतो. चमकीचे कण तर समोरच्या पानावरच्या फोटोला ओरखडे पाडतात. दोन्ही फोटोपासून दूर, पानाच्या कडेला ठेवा.

चिकटवताना पाण्यात विरघळणारा पांढरा गोंद टाळा. कागदाचे तंतू ओलीने लांबीपेक्षा रुंदीत जास्त फुगतात, त्यामुळे पान पन्हाळीसारखं वळतं. आम्लमुक्त डबल साइड टेप बरी. कागद दोन्ही दिशांनी हलकेच वाकवून पाहा. ज्या दिशेने तो सहज वाकतो, तिथे घडीची रेघ तंतूंना समांतर असते. मॅट आणि पान यांचे तंतू एकाच दिशेने ठेवले की पावसाळ्यात दोन्ही सारखेच फुगतात आणि कोपरे उचकटत नाहीत. मुंबई-कोकणात जून ते सप्टेंबर फोटोवरचा जिलेटिनचा थर दमट होऊन समोरच्या गुळगुळीत पृष्ठाला चिकटतो, म्हणून समोरासमोर दोन फोटो येतील अशी मांडणी करू नका. पानांसाठी पॉलिप्रॉपिलीन प्लॅस्टिकचे पारदर्शक खिसे घ्या, पीव्हीसी प्लॅस्टिकचे नकोत. जुना मूळ फोटो कधीही चिकटवू नका. त्याची प्रत लावा, किंवा मूळच हवा असेल तर कागदी कोपऱ्यांत अडकवा, म्हणजे उद्या तो सुखरूप बाहेर काढता येईल.